गजाचा पासवर्ड

अरे, पासवर्डचं मला काय सांगता! आमच्या खालापूरच्या रंगाच्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हाची गंमत ऐका. कॉम्प्युटर एक आणि हात लावणारे सगळे! रंगात काय किती मिसळायचं ते एकाच शीटमध्ये. कुणीतरी उत्तराच्या रकान्यातच आकडा ठोकायचा, की आमच्या ऑफिसातल्या गजाने बसवलेला फॉर्म्युला साफ! शेवटी गजा भडकला. त्याने सगळे फॉर्म्युले लपवले, वर पासवर्डचं कुलूप घातलं. म्हणाला, "आता ब्रह्मदेव आला तरी उघडायचं नाय!"

आणि गेला कशेळ्याला, भावाच्या हळदीला. नेमकं त्याच दिवशी साहेबांना प्रमाण बदलायचं होतं. गेटवर ट्रक खोळंबलेला. साहेब ओरडले, "पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

सगळ्यांनाच माहीत होता हो! गजा कर्जतच्या टायपिंग क्लासचा. तिथल्या मास्तरांनी सवयच लावलेली, जे बटण दाबाल ते अक्षर मोठ्यानं म्हणायचं. सगळ्या टेबलांवरून एकदम आवाज आला, "एस, यू, एन, आय, टी, ए!"

कुलूप उघडलं! पण कुणी टाळी वाजवेना, कारण दारात पॅकिंगमधली सुनीता उभी, लाजून लाल!

पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न लागलं. भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं, "लिहा बायकोचं नवीन नाव."

गजाने ताट मागे सारलं. "नाव नाय बदलायचं, भटजी. कारखाना बंद पडंल!"