साहेबराव भाऊजीनं न दाबलेलं बटण

जयभीम, बाबूंनो. बायांनो, तुमालाबी जयभीम. बसा, बसा. माझ्यासाठी उठू नका, मी काही मंत्रीण न्हाई.

माझ्या आधी गुरुजी बोलले, सरपंच बोलले. दोघंबी कागद पाहून बोलले. मी दुसरीतून साळा सोडली, माझ्याजवळ कागद न्हाई. आन् साहेबराव भाऊजीचा फोटू असा हार घालून समोर ठिवलेला पाहून तोंडातून शब्द निघणं लई अवघड हाय. फोटूतबी माणूस हसून राहिला. गेलेल्या माणसानं असं हसू नये. बोलणाऱ्याला तकलीफ होते.

तुमी मघापासून कुजबुजून राहिले, म्हातारीनं विहारात हळदीची कढई काहून आणली? सांगते. दम धरा. कढईचंच सांगायला उठले मी.

बाहेरगावचे पाव्हणे हायेत, पोलीस खात्यातले भाऊ आलेत, त्यायच्यासाठी सांगते. साहेबराव भाऊजी गावनात्यानं माझे दीर. पोलिसात वायरलेसवर हवालदार होते. रिटायर होऊन गावात आले, पण वायरलेस काही त्यायच्या अंगातून गेला न्हाई. बायकोला हाक मारायचे, "कमळे, चहा पाठव, ओव्हर." आन् ही कमळा काय कमी? चुलीपासून म्हणायची, "दूध न्हाई, ओव्हर." कमळे, हस बाई. हसलं तर पाप लागत न्हाई.

तर त्या साली पूर आला, तुमाला याद हाय. सकाळी सकाळी वढ्याची नदी झाली आन् गावचा टावर बंद पडला. कुरुंद्याकडचा रस्ता पाण्याखाली. पोलीस आले, बचाववाले आले, नाव आली. पण साहेब इकडं, नाव तिकडं, आन् मधी बोलायला काहीच न्हाई. पोलिसाच्या हातातले वायरलेसबी टेकाडाच्या पल्याड पोचत न्हवते. पोलीसभाऊ काठावरून हातवारे करून राहिले, इकडं या म्हणून. आन् नावेतले त्यायला टाटा करून राहिले!

मग जवळा बाजारच्या बाजूनं ती गाडी आली. पाठीवर घडीचा खांब. खांब उभा केला की झाला टावर. चार दिसाचा टावर, पोलीस, बचाववाले आन् दवाखान्याची गाडी यायच्यासाठी. त्याला लागते उंच जागा. गावात उंच काय? माझं हळदीचं खळं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या घराला कधी गेट न्हाई, पण टावर आला.

गाडीवाले इंजिनेर म्हणले, "आजी, ह्याच्यात जागा थोडी हाय. काळीपिवळी जीप समजा. सारं गाव आत बसलं तर पोलिसाला टपावर बसावं लागते. पोलिसाचेच नंबर चालतील असं कुलूप लावून राहिलो. तवर गावाला म्हणावं, फोन बंद ठिवा."

म्हणावं! कोण ऐकते? घडीभरात माझ्या खळ्यात जत्रा भरली. आपले हे दत्तराव, इथंच बसलेत, जावयाला फोन लावून म्हणले, "रेंज आली." जावई म्हणला, "मग?" हे म्हणले, "मग काही न्हाई. रेंज आली." दत्तराव, खाली पाहू नका, सगळ्यायनं तेच केलं.

पोलीस काठी दाखवून थकले. तवा साहेबराव भाऊजी उठले. त्यायनं काय केलं? माझी ही कढई ओढत आणली, खळ्याच्या मधी ठिवली आन् म्हणले, "हळद शिजताना झाकण कोण उचलते?" कोणीच न्हाई. कढईवर बसलेला माणूस शिजली म्हणल तवाच झाकण निघते, हे आपल्याला आईच्या पोटातूनच ठाऊक. "मग टाका फोन बंद करून. मी शिजली म्हणल्यावर उचला."

पोलिसाला न भिणारं गाव कढईला भ्यालं. टाकले ना बाबूंनो सगळ्यायनं? कढईच्या बुडाला हळदीची भुकटी. फोन निघाले ते पिवळे, कान झाले पिवळे. संध्याकाळी मोठे साहेब आले आन् विचारते झाले, "आज गावात हळद कोणाची हाय?"

हसा. मीबी मागं लई हसले. आता जे सांगते त्याला हसू येते का, तुमीच पाहा.

कढईत मीबी फोन टाकला. सगळ्यायच्या देखत टाकला. पण कोणता? तीन सालापासून मेलेला डबडा. चांगला फोन माझ्या कमरेला होता.

माझी नातसून सारिका वढ्याच्या पल्याड आमच्या शेतातल्या घरी, आखाड्यावर, अडकलेली. दिवस भरलेले. जवळ कोण? माझा नातू नितीन. त्याला कळ कशाला म्हणतात हे म्हशीच्याबी येळेला समजत न्हाई. मी गोठ्याच्या मागं गेले, तोंड दिसते तो फोन लावला, आन् लागला! सारिकाचं तोंड दिसलं. घामानं भिजलेलं. "आजी, कळा सुरू झाल्या. फोन ठिवू नका." मी म्हणलं, "ठिवत न्हाई माय. बघून राहिले मी."

आन् खळ्यातून भाऊजीचा आवाज. पोलिसानं गाडीचा बटण दाबून बोलायचा फोन त्यायच्याच हाती दिला होता. "नाव, नाव, आखाड्यावर जा. दिवस भरलेली बाई अडकली हाय. ऐकू येते का?" काही न्हाई. "नाव, नाव, ऐकू येते का?" काही न्हाई. मी गोठ्यामागं बोटं मोडून राहिले. काय मेली ती गाडी, एवढा खांब आन् आवाज न्हाई!

मग कोणाचा फोन चालू राहिला ते शोधत शोधत भाऊजी गोठ्यामागं आले. मी फोन पदराखाली घेतला.

"वहिनी, पदरात उजेड काहून पडला?"

काय सांगू? म्हणलं, "सारिका हाय."

भाऊजी वरडले न्हाईत. तिथंच उकिडवे बसले. म्हणले, "वहिनी, हा तोंड दिसणारा फोन म्हणजे जीपमधी आडवं झोपलेलं माणूस. दुसऱ्या कोणाला पाय ठिवायला जागा न्हाई. आता बोला, तिला बघता का तिला आणता?"

बायांनो, तुमीच सांगा. लेकरू समोर रडून राहिलं, आजी आजी करून राहिलं, आन् आपल्या बोटानं त्याचं तोंड बंद करायचं. सुईण म्हणून किती बाया सोडवल्या मी, कधी कोणाला अर्ध्यात सोडलं न्हाई. हिला सोडायचं ते लाल बटण. पण दाबलं.

भाऊजी पळत गेले. "नाव, नाव." आन् नाव बोलली.

पुढलं तुमाला ठाऊक हाय. नाव आखाड्यावर पोचली, सारिकाला घेतलं, आन् ना आखाड्यावर ना गावात, अर्ध्या पाण्यात पोरगी झाली. ती पाहा, तिसऱ्या रांगेत चप्पल चावून राहिली. नाव आरोही, पण भाऊजी रेंजाबाई म्हणायचे. आता सारं गाव म्हणते.

पण एवढा येळ बोलणं बंद काहून होतं, असं मोठ्या साहेबानं विचारलं. बाईचं काही बरंवाईट झालं असतं तर? भाऊजी ताठ उभे राहिले. म्हणले, "माझ्याच हातानं उलटं बटण दबलं होतं, साहेब." साऱ्या गावादेखत बोलणी खाल्ली. मी तोंड उघडलं, तर माझ्याकडं पाहून म्हणले, "वहिनी, चहा पाठवा, ओव्हर."

मागून मी सांगायला गेले. तर म्हणले, "पोरीच्या बारशाला आजीची चूक कशाला? नोकरीत लई बोलणी खाल्ली, त्यात ही एक."

आन् आपण काय केलं? गावात पंखा बंद पडला, "साहेबराव, उलटं बटण दाबलं का?" गिरणी अडली, "साहेबराव, बटण!" म्हैस आटली तरी बटण. मरेपर्यंत चिडवलं माणसाला. ते हसायचे. आन् सांगायला लाज वाटते, मीबी हसायची.

तर पोलीसभाऊंनो, दत्तराव, गुरुजी, सगळे ऐका. ते बटण साहेबराव भाऊजीनं दाबलं न्हाई. उलटं काही दबलंच न्हवतं. माझ्या पदरात उजेड होता. कमळे, तुलाबी आजच कळलं. रागावायचं तर घरी ये. चहा घे, मग रागाव.

आता दोन मिनिटं गप उभं राहायचं. पण आधी सगळ्यायनं फोन बंद करून ह्या कढईत टाकायचे. झाकणावर कमळा बसल. ती शिजली म्हणल तवा उचलायचे. दत्तराव, जावयाला मागून सांगा.

हा पाहा, चांगलाच फोन हाय. उजेड पडतो का पाहून घ्या. ह्या येळेला पहिला माझा.

भाऊजी, जीप रिकामी हाय. पाय लांब करून बसा.