सात नंबरचा तक्ता

आईला वृद्धाश्रमात ठेवायला आलेल्या धाकट्याने फॉर्मवर सही करायला पेन उघडलं, तेवढ्यात शेजारच्या बाकावर, जागा पाहून आलेल्या दोघी बहिणी कुजबुजायला लागल्या.

“खोल्या कशा आरशासारख्या लख्ख आहेत ना, ताई?”

“सात नंबरच्या खाटेवरचा तक्ता वाचलास?”

“ती खाट तर रिकामी होती.”

“तिथल्या आजी सोमवारी गेल्या म्हणे. तक्ता मात्र आजचाही भरलाय. आठला दूध घेतलं, दहाला कूस बदलली.”

“सवयीने लिहिलं असेल गं कुणीतरी.”

“चारला शांत झोपल्या, असंही लिहिलंय.”

“अगं, आत्ता तर अकरा वाजलेत!”

धाकट्याचं पेन हातातच राहिलं.

“सात नंबरच्या आजी, चला,” दारातून परिचारिकेने हाक मारली.

आई काठी टेकून उठलीसुद्धा.