सुधारणेसाठी शेवंतीबाईंना निरोप

गुरुवार, चार डिसेंबर दोन हजार पंचवीस, सकाळी सव्वाअकरा. आजचा हा निरोप समितीत ठरला ती ही तारीख आणि ही वेळ सभागृहाने ध्यानात ठेवावी, म्हणजे मी का बोलते आहे हे पुढे कुणाला विचारावं लागणार नाही.

आता रीतीप्रमाणे. समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या उत्सव मंडळाचे सर्वेसर्वा माननीय बुधाजीराव, मंडळाच्या बालवाडीच्या मूल्यमापन समितीचे तरुण, तडफदार प्रमुख श्री. हितेंद्र, मधल्या खुर्चीत बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती शेवंतीबाई, काळाचौकीतले सर्व पालक, आजी-आजोबा, आणि पुढच्या सतरंजीवर एकमेकांच्या चपला घालून बसलेले आमचे विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख "विमा कंपनीतल्या निवृत्त अधिकारी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, दोन शब्द छान बोलतील" अशी करून दिली. छान बोलणारी बाई हवी होती तर माझ्या जावेला बोलवायचं. मी अक्षदाची आजी म्हणून मूल्यमापन समितीवर आहे. त्या गुरुवारच्या ठरावाला विरोध करणारी मी एकटी होते. माझा विरोध इतिवृत्तात "काकूंनी चहाबाबत सूचना केली" असा उतरला. म्हणून माइक आज लवकर सोडणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बालवाड्यांच्या एका संघाने योजना काढली, की बालवाडीने स्वतःच स्वतःला गुण द्यायचे. मुलांना खेळायला जागा आहे का, बाई मुलांशी कशा बोलतात, पुस्तकं मुलांच्या हाताला येतात का. कमी कुठे पडलो ते पाहायचं, सुधारायचं, पुढच्या वर्षी पुन्हा गुण द्यायचे. सुधारणा दिसली की मान्यता चालू. योजना चांगली आहे, मी वाचली आहे. तिने एकच गोष्ट गृहीत धरली होती, की माणसं स्वतःला कधीतरी कमी गुण देतात. काळाचौकीत असं कुणी केल्याचं ऐकलंय? सजावटीच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं तर आपण परीक्षकांच्या घरी विचारायला जातो. आपण पहिल्याच वर्षी स्वतःला शंभरपैकी शंभर दिले. बुधाजीराव "वर अजून पाच टाका" म्हणत होते, रकान्यात जागा नव्हती म्हणून राहिले.

मग संघाने विचारलं, अभिनंदन, यंदा काय सुधारणार?

समितीने दोनदा चहा मागवला. शेवटी हितेंद्र म्हणाले, "काकू, सिंपल आहे. ग्राफ वर न्यायचा तर आधी खाली आणायला लागतो." बुधाजीरावांना ते लगेच पटलं. एका वर्षी मंडळाने मूर्ती मुद्दाम दोन फूट कमी केली होती, आणि पुढच्या वर्षी "यंदा भव्य वाढीव उंची" असा फलक लावला. गर्दी आवरेना. मी विचारलं, मुलं काय मूर्ती आहेत? तर म्हणाले, "काकू, तुम्ही इंग्लिश शाळेतल्या. मंडळ कसं चालतं ते तुम्हाला नाय समजायचं."

खरं आहे. गिरगावात आमच्या सिस्टर हातावर पट्टी मारायच्या, पण चूक आधी व्हावी लागायची. सुधारायचं आहे म्हणून चूक मागवून घ्यायची, हे त्यांनी शिकवलं नाही.

तर दिवाळीनंतर बालवाडी वाईट करण्याचं काम हाती घेतलं. वाळूच्या हौदावर मंडपाची ताडपत्री घातली. मुलं खालून शिरली आणि म्हणाली, गुहा. कल्पकतेला पूर्ण गुण द्यावे लागले. गोष्टींची पुस्तकं माळ्यावर झांजांच्या पेटीशेजारी नेऊन ठेवली. शेवंतीबाई तोंडी गोष्टी सांगू लागल्या. एका गोष्टीत त्यांनी सशाला विहिरीत टाकलं, मुलांनी भांडून बाहेर काढला. भाषेचे गुण वाढले.

मग बाईंनाच सांगितलं, जरा ओरडत जा. मंडळाचं मन मोडायचं नाही म्हणून त्यांनी एक दिवस दारात उभं राहून दरडावलं, "कोण हसलं?" मुलं किंचाळत टेबलाखाली गेली आणि खालून म्हणाली, "टीचर, परत." दुसऱ्या दिवशी सर्दीने घरी असलेलीसुद्धा हजर झाली. हितेंद्र डोकं धरून बसले होते. त्यांचं दुःख मी पाहिलं आहे, ते खोटं नव्हतं.

त्या दिवसांतली एकच घटना समितीला आशेची वाटली. तिसऱ्या रांगेत राजरत्न बसले आहेत. त्यांची प्रिती जूनपासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. शेवंतीबाईंनी तिला कधी "बोल" म्हटलं नाही. डबा उघडून द्यायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. नोव्हेंबरात एका दुपारी त्यांनी तिला हात धुवायला बोलावलं, तर सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती म्हणाली, "नाय येत, जा." त्या दिवशी तिचे हात कुणी धुतले नाहीत. हितेंद्र मागे उभे होते, त्यांनी टिपून घेतलं, "आज्ञाभंग. घसरण सुरू." संध्याकाळी राजरत्न पेढे घेऊन आले, लेक बोलली म्हणून. हितेंद्रही पेढे घेऊन आले, घसरण सापडली म्हणून. मी दोन्ही डब्यांतला एकेक खाल्ला, खोटं कशाला बोलू?

पण एका आज्ञाभंगाने किती गुण उतरणार? आणि मग तो गुरुवार. हितेंद्रांनी मांडलं, की आपल्या सगळ्या प्रयत्नांत अडथळा एकच आहे, शेवंतीबाई. त्यांना निरोप द्यायचा. जानेवारीच्या मूल्यमापनात "शिक्षिका नाही" म्हणजे शून्य. जूनला नव्या बाई, म्हणजे झेप. मी विचारलं, जूनला शेवंतीबाईच परत घेतल्या तर? हितेंद्र म्हणाले, "अप्लाय करू शकतात ना. पण त्यांना आपल्या बालवाडीचा अनुभव आहे, फ्रेश नजर नाय राहणार."

बुधाजीराव मनाने मोठे. ते म्हणाले, निरोप दणक्यात देऊ. आणि इथे पालकांनी लक्ष द्यावं. शेवंतीबाईंनी राजीनामा दिलेला नाही, त्यांच्याकडे कुणी मागितलेलाही नाही. आपल्याकडे त्याची गरजच पडत नाही. चारचौघांत शाल-श्रीफळ घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर कसा येईल? लोक विचारतील, काल तर तुमचा सत्कार झाला. मंडळाचे तीन खजिनदार असेच घरी गेलेले मी पाहिले आहेत. टेबलावर जी निळी शाल आहे ना, तोच राजीनामा आहे.

हे सगळं शेवंतीबाईंना सांगितलं कुणी? त्यांना एवढंच कळवलं, शनिवारी, म्हणजे आज, निरोप समारंभ आहे, मुलांचा नाच बसवा. कुणाचा निरोप, असं त्यांनी विचारलं. उत्तर आलं, सरप्राइज आहे. बाईंनी मनापासून नाच बसवला. शेवटी फुलं देताना मुलं लाजत होती, म्हणून स्वतः पाहुण्याच्या जागी उभं राहून फुलं घेत सराव करून घेतला. काल हा मागचा फलक लावायला कार्यकर्ते आले. एक टोक निसटत होतं ते बाईंनी धरलं. फलक उलगडला आणि त्यावर त्यांचाच फोटो. मी तिथे होते. टोक न सोडता त्यांनी मला विचारलं, "काकू, सोमवारी दार कोण उघडणार?"

 ह्याचं उत्तर मी व्यासपीठाकडे मागते आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. "आटपा." आटपते, साहेब. तुमचं अक्षर सुरेख आहे, म्हणजे लेखी उत्तराला अडचण नाही.

शेवंतीबाई, तुम्ही कुठे उठलात? अच्छा, प्रितीला जायचंय. जा, घेऊन जा. नाही बुधाजीराव, दुसऱ्या कुणाला पाठवू नका, ती दुसऱ्या कुणाबरोबर जायची नाही. हितेंद्र, हे कुठल्या रकान्यात बसतं ते तुम्ही बघा. आम्ही सगळे इथेच थांबतो.

तोवर आभाराचं उरकते. मला बोलू दिलं म्हणून अध्यक्षांचे, आणि जाणून न घेता बोलावलं म्हणून संयोजकांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. ते जमत नसेल तर तेही लेखी कळवा, एकाच कागदावर चालेल. बाई परत आल्या की मुलांचा नाच होऊ द्या, पोरांनी मेहनत केली आहे. पण त्या शालीची घडी कुणी मोडायची नाही. शेवंतीबाईंचा निरोप रद्द झाला आहे आणि त्या कामावर आहेत, एवढी दोन वाक्यं, अध्यक्षांच्या सहीने, परवा सोमवार, पंधरा डिसेंबर, सकाळी नऊच्या आत, बालवाडीचं दार उघडण्यापूर्वी, माझ्या हातात पडली पाहिजेत. मी पावणेनऊपासून पायरीवर बसलेली असेन.