घट्ट धर

(बंद बाथरूमच्या आत साबणदाणी फरशीवर पडल्याचा आवाज.)

शीतल: चला, आवाज तरी आला. कधीची हाका मारतेय, चेतू. दार उघड.

चेतना: मी नाही येणार.

शीतल: दहाला कराटेची टेस्ट आहे. ड्रेसला इस्त्री करून ठेवलीय. ऑरेंज बेल्ट कुठे टाकलास?

चेतना: माझ्याजवळ आहे. ओला झालाय.

शीतल: कशाने?

चेतना: डोळे पुसले.

शीतल: बरं. पंख्याखाली वाळेल. पोटात दुखतंय का राणी?

चेतना: बाबांनी दहिसरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलंय, ‘आमची चेतना आज ग्रीन बेल्ट होणार.’ आत्याने नाचणाऱ्या बाईचा इमोजी पण पाठवला.

शीतल: बाबांचं काय घेऊन बसलीस. तुझा पहिला दात पडला तोही टाकला होता त्यांनी. मी सांगते त्यांना काढायला. तू बाहेर ये.

चेतना: तू खोटं बोललीस माझ्याशी.

शीतल: मी? कधी?

चेतना: रोज. गुरुवारी क्लासमध्ये विद्याधर सरांनी माझा हात धरला. ग्रीनला तेच असतं ना, मोठ्या माणसाने मनगट धरायचं आणि आपण सोडवून घ्यायचं. मी घरी करते तस्संच केलं. नाही सुटला.

शीतल: सर मला काही बोलले नाहीत.

चेतना: मला बोलले. घरी कोणाबरोबर करतेस? म्हटलं, आईबरोबर, रोज सुटतो. तर म्हणाले, आई सोडत असेल गं. सगळे हसले. मुकुल तर खाली बसून हसला.

शीतल: त्या मुकुलला अजून स्वतःचा बेल्ट बांधता येत नाही.

चेतना: सोडत होतीस का?

शीतल: चेतू…

चेतना: सांग ना.

शीतल: केवढंसं मनगट तुझं. जरा धरलं की लाल व्हायचं. मला वाटायचं, आधी हिला जमल्यासारखं वाटू दे, मग धरू नीट.

चेतना: मग म्हणजे कधी? टेस्ट आज आहे.

शीतल: दार उघड. आत्ता धरते.

चेतना: खरं?

शीतल: खरं. थांब, बांगड्या काढते. हं, ये. अशी समोर उभी राहा. दे हात.

चेतना: आई, दुखतंय.

शीतल: माहितीय.

चेतना: सोड ना. आई, सोड. नको मला टेस्ट.

शीतल: नाही सोडणार.

चेतना: तोंड असं नको ना करू. मला तुझी भीती वाटते.

शीतल: मलाही वाटतेय. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, हाताकडे बघ. चार बोटं कुठे आहेत, अंगठा कुठे आहे? पकड कुठे उघडी आहे?

चेतना: अंगठ्याकडे.

शीतल: मग ओढतेस काय उगाच? सरांनी काय शिकवलंय?

चेतना: आधी… आधी ओढायचं नाही. जवळ जायचं. कोपर पुढे, आणि मनगट अंगठ्याकडून… सुटला?

शीतल: सुटला.

चेतना: तू नाही ना सोडलंस?

शीतल: नाही गं. हे बघ, माझं नख उठलंय तुझ्या हातावर. इकडे आण, पाणी लावते.

चेतना: तुझी बोटं पण लाल झालीत.

शीतल: जोर लावला ना. सवय नाही.

चेतना: सरांसमोर जमेल मला?

शीतल: आत्ता जमलं तसंच करायचं. नाही जमलं तर ऑरेंज बांधूनच घरी यायचं, येताना वडापाव खात.

चेतना: आणि बाबा ग्रुपवर काय टाकतील?

शीतल: वडापावचा फोटो. चल, पाय पूस, ओल्या पायांनी ड्रेस नको घालू.

चेतना: आई.

शीतल: काय गं?

चेतना: सर मला ओळखतात. तू तर आईच आहेस. बाहेर खरोखर कोणी धरलं, तर तो किती जोरात धरेल?