नवसाबाईंच्या राजीनाम्याबाबत एक विनंती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दंत महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. शाहनवाज सर, संस्थेचे चिटणीस यादव साहेब, सहकारी बंधुभगिनी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि सकाळपासून "मला हार नको" म्हणत असलेल्या आमच्या सत्कारमूर्ती नवसाबाई,

निरोपाला उभं राहणाऱ्याने गोड बोलावं, असा रिवाज आहे. मी प्रयत्न करते. नाही जमलं तर अध्यक्षांनी मला खुशाल खाली बसवावं.

नवसाबाई सोळा वर्षांपूर्वी हरसूलहून आल्या आणि आपल्याकडे साफसफाईच्या कामाला लागल्या. दोन हजार सात साली आपण संगणकाच्या खोलीत आभासी दवाखाना सुरू केला. पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. पडद्यावर दवाखाना दिसतो. विद्यार्थ्याची पांढऱ्या कोटातली आकृती, तिला अवतार म्हणतात, दार उघडून आत येते. खुर्चीत पेशंटचा अवतार बसलेला असतो आणि शेजारच्या खोलीतून हेडफोन लावून कोणीतरी त्याच्या वतीने बोलतं. खऱ्या तोंडात हात घालण्याआधी मुलांनी माणसाशी बोलायला शिकावं, एवढाच हेतू.

पहिले काही दिवस पेशंट मी होते. "डॉक्टर, माझ्या खालच्या दाढेत तीव्र वेदना होत आहेत," असं मी म्हणायची. फरशी पुसता पुसता नवसाबाई हसल्या.

"मंजूमॅडम, आसं कोन बोलतं? पेशंट काय आल्या आल्या दाढ सांगतो? आधी सांगतो, गाडी लेट झाली, घरी कोनी नाय."

दुसऱ्या दिवसापासून हेडफोन त्यांच्याकडे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी आजार तोंडी सांगायची. बाकीचा माणूस त्या उभा करायच्या. तो मागे समर्थ हसतोय. त्याला त्यांनी ऐकवलं होतं, "डाक्टर, नाव तं इचार आधी. का डायरेक उपटतो?" दोन वर्षांत मुलं जे शिकली, त्यातलं किती माझं होतं?

आता गेल्या ऑक्टोबरचं सांगते. त्या दिवशी सुजलेल्या हिरड्यांची केस होती. आपली विद्यार्थिनी अदिबा डॉक्टर झाली होती. आणि नवसाबाई भलतंच बोलायला लागल्या. "जिभेच्या कडंला चरचरतंय. तिखट सोसत नाय. लय दिवस झाले." अदिबाने विचारलं, तंबाखूची मिश्री लावता का? "लावते की. पोरगी होते तवापास्नं." अदिबाने लिहिलं, कर्करोगाची शंका, जिभेचा तुकडा ताबडतोब तपासायला पाठवावा.

मी तिला दहापैकी दोन गुण दिले. माझ्या कागदावर हिरड्या होत्या ना. नवसाबाईंनाही म्हटलं, बाई, केस का बदलता? त्या म्हणाल्या, "चुकलं, मॅडम." आणि बादली उचलून गेल्या.

जानेवारीत अदिबा गुणांसाठी भांडायला आली. "मॅडम, त्या पाठ केल्यासारखं बोलत नव्हत्या. त्यांना बोलताना दुखत होतं." मी जिन्यात नवसाबाईंना गाठलं, तोंड उघडायला लावलं. अदिबाचं निदान खरं होतं. मुखरोगनिदान शिकवण्यात माझी चौदा वर्षं गेली. रोज सकाळी ही बाई मला चहा आणून द्यायची. मी पडद्यावरच्या बाईचं तोंड तपासत राहिले.

मला सरळ का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या खुर्चीतल्या बाईला पोरं नीट इचारतात. म्हनलं, तिच्या तोंडून इचारून बघावं. मला भ्या वाटत व्हतं."

आज फेब्रुवारी आहे. ऑक्टोबर ते जानेवारी, तीन महिने मी घालवले. मुंबईचे डॉक्टर सांगतात, अजून वेळ आहे, पण फार नाही. मंगळवारी भरती व्हायचं. जिभेचा बराच भाग जाईल. थोडं बोबडं बोलता येईल कदाचित. खात्री ते देत नाहीत. नवसाबाई म्हणतात, जीभ गेल्यावर ठेवलं काय? त्यांना ऑपरेशन न करताच हरसूलला परत जायचंय. म्हणून हा राजीनामा, आणि म्हणून हा समारंभ.

अध्यक्ष महोदय, अंगठा केलेला तो कागद आपल्या टेबलावर आहे. आपण त्यावर सही करू नये. त्याऐवजी रजा द्यावी. कार्यक्रमपत्रिकेत हे नाही, मला ठाऊक आहे. ती शाल आज घडीतच राहू द्यावी.

नवसाबाई, खाली बघू नका. आपल्या दवाखान्यात आजवर जो आला तो बोलणारा पेशंट. ज्याला बोलता येत नाही, त्याच्याशी कसं बोलायचं, त्याची वाट कशी बघायची, हे आम्ही एकाही पोराला शिकवलेलं नाही. मलाही येत नाही. अवताराची मान हलवायची, हात वर करायची, पाठ फिरवायची बटणं तुम्हाला पाठ आहेत. ती केस तुमच्याशिवाय कोण करणार? हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. मला दुसरं काही सुचत नाहीये.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात मर्यादा सुटली असेल, तर सभागृहाने ती पोटात घालावी. ऑक्टोबरच्या चुकीसाठी माफी मागायला मी इथे उभी नाही. ती मागायला माझ्यासमोर नवसाबाई असायला हव्यात, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी.

मंगळवारी सकाळी सहाला मी गाडी घेऊन तुमच्या दाराशी येईन, बाई. तुम्ही आज नाही म्हणालात, तरी येईन.