सर्व्हरचा अंगठा

अक्कल म्हणाल तर त्या साहेबासारखी अक्कल मी दुसरीकडं पाह्यली नाही गड्या! घाटंजीच्या एका हापिसात मी चार बाबूंसाठी एकच मॉडेम बसवून देलता. फोनची लाइन एक, म्हणून मधात सर्व्हर ठेवला. ज्याले काम असंल, त्यानं आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून यवतमाळले फोन लावावा. कोण कोण जोडलं हाये, त्याची यादी भितीवर चिकटवली.

साहेबानं विचारलं, "हे मॉडेम कोणाचं?"

मी म्हटलं, "सामायिक हाये." तिथंच चुकलो.

त्याची सारी उमर सातबाऱ्यात गेलती. म्हणे, "सामायिक हाये, तर साऱ्या खातेदारांच्या सह्या झाल्याबिगर फोन लावाचा नाही."

त्याच दिवशी बोंडअळीनं खाल्लेल्या कपाशीचा अहवाल पाचच्या आत यवतमाळले धाडाचा होता, नाहीतर मदतीच्या यादीतून अख्खा तालुका कटत होता. मी धावत धावत चारही बाबूंच्या सह्या आणल्या. पाचाले दहा मिनिटं कमी.

साहेबानं भितीवरची यादी पाह्यली. "पाचवी सही काहून नाही? हा सर्व्हर कोण होय?"

"साहेब, ते मशीन होय."

"यादीत नाव हाये ना? मंग सही पाह्यजे."

माहं डोकंच फिरलं. म्हटलं, "तो शिकेल नाही साहेब, अंगठा चालते काय?"

मले वाटलं, आता तरी याले लाज वाटंल. त्यानं शाईचं पॅड माह्याकडं सरकवलं. म्हणे, "चालते. पण दोन साक्षीदार आणा."