वेंडेलकाकांच्या टाकीतले हिरवे पोवळे खरवडल्याबाबत

लुडविग्सहाफेन, नोव्हेंबर २००५

माझे नाव डॉ. सत्यजित उल्हास देवस्थळी, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी (रसायनतज्ज्ञ), मूळ राहणार पुणे, सध्या राहणार ओगर्सहाइम, लुडविग्सहाफेन.

मी समक्ष हजर राहून जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी ऊर्मिला व मुलगी ईप्सिता यांच्यासह राहतो. मला जर्मन येते. परंतु पोलिसांची वर्दी दिसली की माझे जर्मन पळून जाते, म्हणून दुभाषी अरुंधतीताई आगाशे यांना बोलावण्यात आले. त्या आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यवाह आहेत, म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत हा जबाब सगळ्यांना पाठ असणार. ही ओळ लिहायची नाही असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, लिहाच.

आमच्या भिंतीला भिंत लागून हेर (जर्मनमध्ये श्रीयुत) वेंडेल, वय ७६, एकटेच राहतात. आम्ही त्यांना वेंडेलकाका म्हणतो. त्यांच्या पत्नी गिझेला आम्ही इथे येण्याआधीच वारल्या. काकांकडे आणि माझ्याकडे खाऱ्या पाण्याच्या टाक्या आहेत, त्यांत मासे कमी आणि पोवळी जास्त. पोवळे म्हणजे अंगठीतला खडा नव्हे, जिवंत प्राणी आहे, हे माझ्या सासूबाईंना अजूनही पटलेले नाही. काकांच्या टाकीत मधोमध एक मोठे, फांद्यांचे, कडक जातीचे पोवळे होते. ते गिझेलाबाईंनी बोटभर आणून वाढवलेले. काका ते दाखवताना हात मागे बांधून उभे राहत.

काकांनी पहिल्याच वर्षी आम्हाला प्लमचा केक दिला. ऊर्मिलाने सांगितले, शेजाऱ्यांचे भांडे रिकामे परत पाठवायचे नाही. मग शंकरपाळे गेले, चिवडा गेला. चिवड्याने काकांच्या डोळ्यांत पाणी आले, तरी ते ‘गूट, गूट’, म्हणजे छान, छान, म्हणत राहिले. एकदा घरात काहीच नव्हते. तेव्हा मी डोके चालवले आणि माझ्या टाकीतल्या हिरव्या मऊ पोवळ्याचा तुकडा पाण्यासकट भांड्यात घालून नेला. असे डोके मी ऑफिसात चालवत नाही, म्हणून नोकरी टिकली आहे.

या पोवळ्याला इथले लोक आफेनहार म्हणतात, म्हणजे माकडाचे केस. जांभळ्या सायीसारखा थर दगडावर पसरतो आणि त्यावर हिरवे केस डोलतात. दिसायला गोड, वाढायला राक्षस. ते वेगळ्या दगडावर ठेवावे, चारी बाजूंनी मोकळी वाळू सोडावी, कडेला आले की कात्रीने कापावे, नाहीतर शेजारच्या पोवळ्यावर चढून त्याचा जीव घेते. एवढे सगळे मला माहीत होते. काकांना मी फक्त ‘हे वाढवायला अगदी सोपे आहे’ एवढेच सांगितले.

दोन वर्षांपूर्वीचा तो भयंकर उन्हाळा साहेबांना आठवत असेल. त्यानंतर काका आमच्याशी दारातूनच बोलायचे. आम्हाला वाटले, चिवडा बाधला.

गेल्या आठवड्यात काका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रेहाला, म्हणजे व्यायाम-उपचाराच्या दवाखान्यात, गेले. जाताना किल्ली मला दिली व म्हणाले, ‘नुसते खायला घाला. बाकी कशाला हात लावू नका.’ मी ‘नक्की’ म्हणालो. आत जाऊन पाहतो तर माझे आफेनहार गिझेलाबाईंच्या पोवळ्यावर पूर्ण चढलेले, फक्त तळाशी एक गुलाबी कडा उरलेली. मी स्वतःलाच म्हटले, सत्यजित, तू भेट म्हणून मारेकरी पाठवलास. फोन करून विचारावे असे ऊर्मिला म्हणाली. अगं, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात कशाला ताप, आल्यावर बघतील तर खूश होतील, असे मी तिला सुनावले. ईप्सितानेही जर्मनमध्ये काहीतरी सुनावले. त्याचा अर्थ ‘बाबा, नको’ असा होता.

आज संध्याकाळी मी कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून, कपाळावर दिवा बांधून, सुरीने ते हिरवे सगळे खरवडले व बादलीत घेतले. खालून पांढरेशुभ्र निघाले. मला वाटले, वेळेवर पोचलो. मी चक्क शीळ घालत होतो. बादली घेऊन मागच्या दाराने निघालो तेव्हा मागच्या घरातल्या बाईंनी पाहिले आणि पोलिसांना फोन केला. त्यांची चूक नाही. त्या अवतारात मला पाहून मीही फोन केला असता.

बादलीत काय आहे असे विचारले असता मी ‘जिवंत प्राणी’ असे उत्तर दिले. किती नग, असे विचारले असता मला सांगता आले नाही. माझ्या रसायन कंपनीचे ओळखपत्र पाहून दोन्ही साहेब बादलीपासून मागे सरले. त्यानंतर मला ठाण्यात आणण्यात आले.

येथून साहेबांनी वेंडेलकाकांना फोन लावला. त्यांनी किल्ली मला दिल्याचे सांगितले व माझ्याशी बोलायचे आहे म्हणाले. मी काय केले ते मी त्यांना सांगितले. गुलाबी कडा वाचली, तेवढ्यावरून पोवळे पुन्हा उभे राहील, असेही छातीठोकपणे सांगितले. काका म्हणाले, ‘हेर डॉक्टर, ती कडा गुलाबी शेवाळाची आहे. गिझेलाचे पोवळे त्या उन्हाळ्यातच मेले. पाणी तापले आणि मी बर्फ आणायला गेलो तोवर संपले. बाहेर काढवेना, बघवेना. म्हणून तुमचे हिरवे मीच उचलून त्याच्याजवळ ठेवले.’

मी माफी मागितली. जर्मनमध्ये मागितली, ती बरोबर होती की नाही मला माहीत नाही. अरुंधतीताई म्हणतात, बरोबर होती.

साहेबांनी काकांना तक्रार द्यायची आहे का असे विचारले. ते नाही म्हणाले. माझीही कोणाविरुद्ध तक्रार नाही. विनंती एकच, बादली आजच परत मिळावी. पाणी गार होत चालले आहे. मी ते तुकडे रबरबँडने पुन्हा पांढऱ्या फांद्यांवर बांधणार आहे. दोन-तीन महिन्यांत ते चिकटून पसरतील. काका शनिवारी येतात. त्यांनी सांगितले आहे, ‘मी घरात शिरेन तेव्हा टाकीतला दिवा बंद असू द्या, आणि तुम्ही माझ्याबरोबर आत या.’ मी जाणार आहे.

हा जबाब अरुंधतीताईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर लिहिला आहे. माझ्या मूर्खपणाचे उल्लेख कमी करू का, असे त्यांनी विचारले. ते माझ्या सांगण्यावरून तसेच ठेवले आहेत.

सही
डॉ. स. उ. देवस्थळी